नंदिनी नदीकाठी डेब्रिज (बांधकामाचा राडारोडा) टाकणाऱ्यांना जेल का नाही?

प्रश्न: नाशिककर, काल रात्री नंदिनीच्या पुलाजवळ परत एक ट्रॅक्टर फुटक्या टाइल्स, कमोडचे तुकडे ओतून गेला, नंबरप्लेटवर चिखल फासलेला. किरकोळ दंड भरून हे मोकळे, कायदा कडक नको का?

– जुन्या आयपीसीच्या (भारतीय दंड संहिता) कलम २९० मधे सार्वजनिक उपद्रवाला २०० रुपयांपर्यंत दंड होता, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ मधे १००० पर्यंत. एका खेपेचं भाडं जास्त असेल हो!

– उलट पर्यावरण कायद्यात ५ वर्षांपर्यंत जेल होती, ती २०२४ पासून गेली आणि १० हजार ते १५ लाख दंड आला, तो नाही भरला तरच जेल. पण लावतो कोण?

– ट्रॅक्टरच जप्त करा राव. आणि घंटागाडी चुकली की पिशवी नदीत भिरकावणाऱ्या आमच्या शेजारच्या काकू?