बेघर, निराधार, निराश्रित : रजिस्टरात नेमकं काय लिहायचं?

नमस्कार. महिन्याभरापासून मी पुण्यात एका रात्रनिवाऱ्यात काम करतोय. आमच्या रजिस्टरात नावापुढे 'प्रकार' असा एक रकाना आहे. त्यात कुणी 'बेघर' लिहिलंय, कुणी 'निराधार', कुणी 'निराश्रित'. जुन्या पानांवर सरळ 'भिकारी' आहे. परवा एका आजींच्या नावापुढे मी 'बेघर' लिहिलं आणि वाचून दाखवलं, तर त्या फणकारल्या, "बेघर कोण? घर हाय माझं, जालन्याला." या शब्दांत फरक काय आणि वापरावा कोणता? जाणकारांनी सांगावं.

*

दादा, आजींचं बरोबर आहे. मी मुंबईत बारा वर्षं हेच काम करते, आणि हे वाक्य मीही कितीदा तरी ऐकलंय.

'बे' हा फारसीतून आलेला उपसर्ग, 'घर' आपलं. बेकार, बेवारस ही त्याची भावंडं. सरकारी भाषेत 'बेघर' म्हणजे आज रात्री डोक्यावर छप्पर नसलेला माणूस. २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री फूटपाथवर, पुलाखाली, स्टेशनाबाहेर झोपलेल्यांची मोजणी झाली; देशभरात सुमारे १७.७ लाख भरले. त्यांचं गावाला घर आहे की नाही, याच्याशी त्या मोजणीचा संबंध नाही. पण मराठीत 'घर' म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत ना. घर म्हणजे माणसं, उंबरा, कुळाचं नाव. 'बेघर' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आपलं कुणीच नाही असं हा म्हणतोय.

'निराधार'चं वेगळंच झालंय. संजय गांधी निराधार अनुदान योजनेमुळे त्याचा अर्थच बदलला. "मला निराधार चालू झालं," असं बायका आनंदानं सांगतात. महिन्याचे १५०० रुपये, ज्याला त्या 'पगार' म्हणतात. म्हणून रजिस्टरात निराधार लिहिलंत, तर वाचणारा समजेल की यांना योजना लागू आहे. पुढे कागदपत्रं करताना घोळ होतो, मी निस्तरलाय. 'निराश्रित' शब्दाला फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची, कल्याणजवळच्या छावण्यांची आठवण चिकटलेली आहे. तो मी वापरत नाही.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसले ते. जुन्या पानांवरचा 'भिकारी' कृपा करून पुढे नेऊ नका. एका 'भिक्षे'तून आपण तीन माणसं केली. भिक्षुकाला पाट मांडून दक्षिणा देतो, भिकारी ही शिवी, आणि भिक्षेकरी हा कायद्यातला शब्द. १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा वाचून बघा. त्यात हात पसरणं तर आहेच. पण उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि हा भिक्षेवर जगत असावा अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरतो किंवा थांबतो, एवढंही भीक मागण्यात धरलंय. म्हणजे नुसत्या दिसण्यावरून. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ साली तिथल्यापुरती यातली बरीच कलमं घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे कायदा आहे. आमच्या फूटपाथवरची माणसं 'गाडी आली' म्हटलं की बोचकी उचलून पळतात, ती याच भीतीनं. दिवसभर नाक्यावर मजुरीला उभा राहणारा माणूस आपल्याच रजिस्टरात 'भिकारी' म्हणून का जावा?

*

ताईंच्या म्हणण्यात थोडी भर. मी अमरावतीचा. आमच्याकडे गाडगेबाबांची दशसूत्री भिंतीभिंतींवर लिहिलेली दिसते, तिच्यात 'बेघरांना आसरा' असंच आहे. बाबांच्या तोंडी तो शब्द तुच्छतेचा नाही, कारण लगेच पुढे आसरा आहे. मुंबईत दादरला बाबांच्या मिशनची धर्मशाळा आहे, टाटा रुग्णालयातले कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग तिथं राहतात. 'आसरा' हा 'आश्रय'चाच बोलीतला अवतार. (पाण्यातल्या साती आसरा वेगळ्या, त्या अप्सरांवरून.) 'निवारा'त मला 'निवारणे' ऐकू येतं, ऊन-पाऊस अडवला की निवाऱ्याचं काम झालं. आसऱ्यात मात्र कुणीतरी माणूस लागतं.

*

भाऊ, छान सांगितलंत. एक क्रियापद राहिलं. रस्त्यावरच्या माणसाबद्दल आपण बोलतो, "तो तिथं पडलेला असतो." मतदार नोंदणीच्या वेळी एका काकांना मी विचारलं, "कुठं राहता?" म्हणाले, "राहत नाय, पडतो इथं, खांब नंबर वीसच्या बुडाशी." दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं, घड्या पडून चार तुकडे झालेलं रेशनकार्ड त्यांनी उशाखालून काढलं. मी अर्जात लिहिलं, 'खांब क्र. २०, पुलाखाली राहतात.' निवडणूक आयोगाचा नियमच आहे की बेघर माणसाकडे पत्त्याचा पुरावा नसला तरी चालतं. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं रात्री जाऊन तो तिथंच झोपतो का ते पाहायचं, तेही एकाहून जास्त रात्री. अधिकारी दोनदा आले. दुसऱ्या रात्री काका अंथरूण झाडून, सदरा घालून बसून होते.

म्हणून माझं मत : 'रस्त्यावर राहणारे' किंवा 'सध्या बेघर' लिहा. ते 'सध्या' गाळू नका.

*

ताई, भाऊ, आभार. व्यवस्थापकांशी बोलून रकान्याचं 'प्रकार' हे नाव खोडलं, 'सध्या कुठे राहता' केलं. शेजारी 'मूळ गाव' घातलं. काल आजी पुन्हा आल्या. त्यांनी सांगितलं, "ठेसनाच्या जिन्यापाशी, चहावाल्याच्या मागं, पाऊस आला की आत." एका ओळीत मावलं नाही, दोन ओळी घेतल्या.