मदत हवी आहे: लायगेज चालतच नाही, तिसऱ्यांदा प्लेट कोरी

कोरी_प्लेट
लायगेशन, म्हणजे डीएनएचा तुकडा प्लाझ्मिडला जोडणं, तीनदा लावलं, जिवाणूंच्या प्लेटवर तिन्ही वेळा एकही कॉलनी नाही. जोडणारं एन्झाइम टी४ डीएनए लायगेज, १६ अंशांवर रात्रभर, इन्सर्ट (घालायचा तुकडा) आणि व्हेक्टर (तो वाहून नेणारं प्लाझ्मिड) ३:१. मुदत संपलेली नाही. सगळं प्रोटोकॉलप्रमाणेच केलंय. शुक्रवारी गाइडना निकाल दाखवायचाय. लायगेज खराब झालंय का, एवढंच सांगा. नवीन मागवायचं तर आजच मागवावं लागेल.

बफरवाला
लायगेज असं सहजासहजी मरत नाही हो, मरतं ते बफर. त्यात लायगेजला ऊर्जा देणारं एटीपी असतं आणि दर वेळी गोठवून-वितळवून ते तुटत जातं. नळी उघडून वास घ्या. त्यातल्या डीटीटी या रसायनाचा उग्र, गंधकासारखा वास यायला हवा. वासच नसेल तर बफर सरळ टाकून द्या. तळाशी पांढरा गाळ बसला असेल तर घाबरू नका, तो डीटीटीचाच. नळी मुठीत धरून कोमट करा, हलवा, विरघळतो. माझे दोन महिने या एका गोष्टीपायी गेले. तेव्हापासून नवीन बफर आलं की त्याच दिवशी १० मायक्रोलीटरचे भाग करतो.

रात्रपाळी
१६ अंश सोडून द्या. खोलीच्या तापमानाला लावा, मी कायम तेच करते.

जुना_विद्यार्थी
रात्रपाळीताई, असं सरसकट नका सांगू. १६ चा आकडा उगाच नाही आला. एन्झाइमला ऊब मानवते, पण चार बेसांची चिकट टोकं, म्हणजे एका धाग्याची बाहेर आलेली शेपटं, उबेत एकमेकांना धरून राहत नाहीत. म्हणून मधलं तापमान.

रात्रपाळी
पण टोकं चिकट आहेत असं त्यांनी लिहिलंय कुठे? बोथट, म्हणजे दोन्ही धागे सारखेच कापलेले, असतील तर धरून राहायला तिथे काहीच नाही, मग थंडीचा फायदा काय?

नीलमणी
तेच म्हणते. धागाकर्ते, चार गोष्टी सांगा, त्याशिवाय सगळे अंदाजच. टोकं कुठली? इन्सर्ट कापून काढलाय की पीसीआरनं प्रती काढून केलेला? व्हेक्टरला फॉस्फेटेज (टोकांचं फॉस्फेट काढणारं एन्झाइम) लावलं होतं का? आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेच्या प्लेट, काय ठेवल्या?

परीक्षार्थी
लायगेज हा एन्झाइमांचा सहावा वर्ग, ईसी ६. एटीपी मोडून मिळालेल्या ऊर्जेवर दोन रेणू जोडतात. कार्बन-ऑक्सिजन, कार्बन-गंधक, कार्बन-नायट्रोजन, कार्बन-कार्बन आणि फॉस्फेट एस्टर असे बंध. उदा. पायरुव्हेट कार्बोक्झिलेज, ग्लुटामिन सिंथेटेज. एकूण वर्ग सहा. उपयोग होईल अशी आशा.

जुना_विद्यार्थी
आता सात आहेत. २०१८ साली ट्रान्सलोकेजचा सातवा वर्ग झाला. आणि नावावर जाऊ नका, युबिक्विटिन लायगेज नावानं लायगेज, पण क्रमांक ईसी २ मधला, म्हणजे ट्रान्सफरेज.

परीक्षार्थी
मग एटीपी सिंथेस कशात धरायचं? आमच्या नोट्समध्ये लायगेज लिहिलंय.

जुना_विद्यार्थी
नोट्स दुरुस्त करून घ्या. पूर्वी ते ईसी ३ मध्ये होतं, आता ७ मध्ये. ६ मध्ये कधीच नव्हतं.

कोरी_प्लेट
कृपया विषयावर राहा, माझ्याकडे वेळ नाही. टोकं बोथट. व्हेक्टर इकोआर-फाइव्ह एन्झाइमनं कापून फॉस्फेटेज लावलं, कारण स्वतःशीच जुळून रिकाम्या कॉलनी येतात. मग शुद्धीकरणाच्या कॉलममधून काढला. इन्सर्ट प्रूफरीडिंग पॉलिमरेजनं केलेला पीसीआरचा, प्रायमर (पीसीआर सुरू करणारे छोटे तुकडे) साधेच. न कापलेल्या प्लाझ्मिडच्या शेकडो कॉलनी आल्या, म्हणजे पेशी उत्तम आहेत. बफरला वास येतो, आत्ताच पाहिलं.

नीलमणी
सापडलं. लायगेज निर्दोष आहे, त्याला जोडायला काही दिलेलंच नाही.

ते काम कसं करतं बघा. आधी एटीपीमधला एएमपी हा भाग स्वतःच्या लायसिन या अमिनो आम्लावर घेतं, पायरोफॉस्फेट सुटतं. मग तो एएमपी डीएनएच्या ५' टोकाच्या फॉस्फेटवर ठेवतं. शेवटी शेजारचा ३' हायड्रॉक्सिल त्या फॉस्फेटवर चाल करतो, बंध जुळतो, एएमपी निघून जातो. सगळा खेळ त्या ५' फॉस्फेटवर. व्हेक्टरचं फॉस्फेट तुम्ही स्वतः काढलंत. साध्या प्रायमरच्या ५' टोकाला फॉस्फेट नसतं, म्हणून पीसीआरच्या तुकड्यालाही नाही. दोन्हीकडे नुसतेच हायड्रॉक्सिल. १६ अंश ठेवा नाहीतर २५, काय जुळणार?

इन्सर्टला ५' टोकावर फॉस्फेट बसवणारं टी४ पॉलिन्यूक्लिओटाइड कायनेज लावा, ३७ अंशांवर अर्धा तास. ते लायगेजच्याच बफरमध्ये चालतं. कायनेजचं वेगळं बफर वापरलंत तर एटीपी आठवणीनं घाला. मग ६५ अंशांवर २० मिनिटं, म्हणजे कायनेज बंद पडेल.

बफरवाला
म्हणजे एटीपी पुन्हा आलंच की. जुन्या बफरमध्ये कायनेजही चालणार नाही. नवीन नळी घ्या.

कोरी_प्लेट
पण व्हेक्टरला फॉस्फेट नाहीच. मग डीएनएचा एकच धागा जुळेल ना? दुसरा तुटकाच राहणार.

नीलमणी
राहू दे. दोन्ही सांध्यांवर एकेक खाच राहते, ती, डीएनए आत गेल्यावर, पेशीच सांधते. ई. कोलाय या जिवाणूचं स्वतःचं लायगेज असतं, ते एटीपीऐवजी एनएडी हा रेणू वापरतं. आणि या वेळी नुसत्या व्हेक्टरच्या दोन प्लेट जास्त ठेवा, एक लायगेजसह, एक शिवाय.

मुळाक्षर
लायगेज की लिगेज? मूळ लॅटिन लिगारे, म्हणजे बांधणे. त्या हिशोबानं लिगेज हवं.

रात्रपाळी
आमच्याकडे सगळे लायगेजच म्हणतात. बोथट टोकांना मात्र खोलीचं तापमान ठेवा, आताही तेच सांगते.

कोरी_प्लेट
कायनेज लावलं, बफर नवीन घेतलं, लायगेशन खोलीच्या तापमानाला दोन तास. आज सकाळी मुख्य प्लेटवर २३ कॉलनी. नुसता व्हेक्टर आणि लायगेज असलेल्या प्लेटवर २, लायगेज नसलेल्या प्लेटवर १. कॉलनीत तुकडा बसलाय का हे पाहायला गुरुवारी कॉलनी पीसीआर लावतो. नीलमणी, मनापासून आभार. बोथट म्हणजे तुकडा उलटाही बसू शकतो, तर एक प्रायमर व्हेक्टरवरचा आणि एक इन्सर्टमधला घेतला तर दिशा कळेल ना?

नीलमणी
कळेल.