प्रयोगशाळेत १२० मेगापास्कलचा खडक जागेवर ‘कमकुवत’ कसा ठरतो?

सातपूरकर
नमस्कार. त्र्यंबक रस्त्यालगत नाल्याच्या उतारावर आमचा प्लॉट असून तेथे दुमजली घराचा पाया घ्यायचा आहे. ड्रिलिंगच्या अहवालात काळ्या खडकाचे दाबसामर्थ्य १२० मेगापास्कल दिले आहे, म्हणजे एम-२५ काँक्रीटच्या जवळजवळ पाचपट. तरीही शेवटच्या पानावर असा शेरा आहे की सांधे (खडकातल्या नैसर्गिक चिरा) नाल्याच्या बाजूला सुमारे ६० अंशांनी कललेले असल्यामुळे काठापासून अंतर ठेवावे. ठेकेदारांचे म्हणणे, “कातळ लागला, आता काय बघायचे?” एकाच खडकाबद्दल ही दोन मते कशी, हे कृपया कोणी समजावून सांगावे.

खडकवाचक
अहवालातील दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कारण त्या दोन वेगळ्या वस्तूंबद्दल आहेत. दाबयंत्रात जो तुकडा जातो तो ड्रिलिंगमधून अखंड निघालेला, म्हणजे व्यासाच्या किमान दुप्पट लांबीचा सलग दंडगोल असतो. जिथे सांधा होता तिथे खडक आधीच तुटून पेटीत पडलेला असतो आणि तो तुकडा चाचणीला जातच नाही. थोडक्यात, १२० हा आकडा सांध्यांमधल्या दगडाचा आहे. आपला पाया मात्र दगड आणि सांधे या दोहोंवर बसणार आहे.

सांध्याचा कल सर्वांत महत्त्वाचा. उभ्या भाराखाली आडवा सांधा फक्त मिटतो, अगदी उभा सांधाही घसरत नाही. परंतु तिरका सांधा घसरू पाहतो. घर्षणकोन, म्हणजे ज्या कलानंतर एक तोंड दुसऱ्यावरून केवळ वजनाने घसरू लागते तो कोन, ३० अंश धरला, तर ४५ अधिक त्याचा निम्मा, म्हणजे आडव्या पातळीशी नेमका ६० अंशांचा कल सर्वांत वाईट. अशा सांध्याची चिकटण (दोन्ही तोंडांना धरून ठेवणारी ताकद) १ मेगापास्कल मानून, बाजूचा आधार शून्य धरून गणित केले, तर घसरण सुमारे साडेतीन मेगापास्कललाच सुरू होते. १२० वरून साडेतीन! दगड तोच; फक्त तो फुटण्याऐवजी सरकला.

एक गोष्ट मात्र ठेकेदारांच्या बाजूने सांगायला हवी. चारही बाजूंनी खडकाचा आधार असेल, तर हा परिणाम पुष्कळ कमी होतो, आणि दुमजली घराच्या पायाखालचा दाब सहसा अर्ध्या मेगापास्कलच्याही आतच असतो. सपाट जागेवर मी ही चिंता केली नसती. आपल्याकडे नाल्याच्या बाजूचा आधारच नाही, म्हणून तो शेरा योग्य आहे.

पंचवटीचा पाथरवट
आमच्या घरात तीन पिढ्या दगडकाम आहे. घण मारल्यावर सलग दगड खणखणतो आणि चीर असलेला बद्द वाजतो, हे आम्ही आकडेमोडीशिवाय ओळखतो. खाणीत आम्ही दगड फोडत नाही, त्याची चीर शोधून तिथे पहार घालतो. जी चीर आम्हाला सोयीची, तीच घर बांधणाऱ्याला गैरसोयीची. एक शंका विचारतो: पांडवलेणी दोन हजार वर्षे उभी आहेत, तिथे सांधे नाहीत काय?

खडकवाचक
आपला खडक लाव्हा थंड होताना आकसून तडकलेला आहे, त्यामुळे सांधे सर्वत्र असतात. कुठे हातभर अंतरावर, तर कुठे कित्येक मीटरवर. विरळ सांध्यांच्या जाड थरात कोरीव दालन टिकते, दाट सांध्यांच्या थरात छताचे ठोकळे सुटू लागतात.

सातपूरकर
आज कोअरची, म्हणजे ड्रिलिंगमधून निघालेल्या दंडगोलांची, पेटी उघडून पाहिली. दुसऱ्या मीटरमध्ये २३, १७ आणि १२ सेंटिमीटरचे तीनच मोठे तुकडे आहेत, बाकी बोटभर तुकडे. काही तोंडांवर तपकिरी मातीचा लेप आहे. नखाने खरवडला तर निघतो. याचा काही अर्थ लावता येतो का? सांध्यांमध्ये सिमेंटचे ग्राउट (पातळ मिश्रण) भरले तर चालेल का?

खडकवाचक
दहा सेंटिमीटर आणि त्यापेक्षा लांब तुकड्यांची बेरीज ५२, म्हणजे त्या मीटरचा आरक्यूडी (खडक किती सलग आहे याची टक्केवारी) ५२ टक्के, मध्यम प्रतीच्या अगदी खालच्या टोकाला. मोजताना ड्रिलिंगच्या धक्क्याने झालेले ताजे, स्वच्छ तोंडाचे तुकडे जोडूनच धरायचे असतात, एवढे तपासून घ्या. मला आकड्यापेक्षा तो लेप जास्त खुपतो. खडबडीत तोंडे एकमेकांत अडकून घसरणीला विरोध करतात. मधे माती भरली की त्या खडबडीतपणाचा उपयोग उरत नाही. त्यात पावसाळ्यात सांध्यांत पाणी भरले, की त्याचा दाब वरच्या ठोकळ्याला उचलून धरतो आणि घर्षण आणखी घटते. पाणी वंगणासारखे काम करते असे लोक समजतात. खरा दोष त्या दाबाचा असतो.

मातीने भरलेल्या सांध्यात ग्राउट नीट शिरत नाही, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. नाल्याच्या तळापासून सांध्याच्या कलाने वर रेघ ओढावी आणि नाल्याकडचा पाया त्या रेघेच्या आत, घराच्या बाजूला किंवा तिच्याखालच्या सलग खडकात न्यावा. ते शक्य नसेल तर सांध्याला आडवे छेदणारे रॉक बोल्ट (खडकात रोवायच्या पोलादी सळ्या) आणि पाणी निघून जाण्यासाठी काठावर आडवी छिद्रे, यांचा आराखडा अभियंत्याकडून करून घ्यावा. खोदाई झाल्यावर, काँक्रीट ओतण्यापूर्वी, अहवाल देणाऱ्यांना एकदा खड्ड्यात उतरवा. ड्रिलिंगच्या छिद्रांतून न दिसलेला सांधा तिथे उघड्यावर दिसतो.