लोणारच्या पाण्यात बॅक्टेरियाच्या मेम्ब्रेनचा साबण का होत नाही?

वऱ्हाडकन्या:
एमएससी मायक्रोला आहे. लोणारच्या पाण्यातून एक ग्राम निगेटिव्ह (म्हणजे आत-बाहेर दोन मेम्ब्रेनवाला) बॅक्टेरिया वाढवलाय, १६एस जीन तपासल्यावर हॅलोमोनास निघाला. कमळजा देवीच्या देवळाकडून खाली उतरून पाण्यात हात घातला तर बोटं बुळबुळीत लागतात, कातडीवरच्या तेलाचाच साबण होतो म्हणतात, पीएच १० च्या आसपास आहे. मग जन्मभर त्याच पाण्यात राहणाऱ्या जिवाची बाहेरची मेम्ब्रेन पण फॅटी ॲसिडचीच ना, ती कशी टिकते? आणि दुसरं, लाइपोपॉलिसॅकराइड (बाहेरच्या मेम्ब्रेनमधलं साखरेची साखळी लागलेलं लिपिड) काढायचं म्हणून पेलेट, म्हणजे तळाशी बसवलेल्या पेशी, डिस्टिल्ड वॉटरने धुतलं तर ट्यूबमध्ये सगळं चिकट, तारा सुटणारं झालं. आठवड्याची मेहनत गेली हो.

जुना_मायक्रोवाला:
प्रश्न आवडला. आधी आकडा बघ, पीएच १० म्हणजे हायड्रॉक्साइड लिटरमागे ०.०००१ मोल, आणि साबण करताना कॉस्टिक काही मोलर असतं वर आच दिलेली, म्हणजे हजारो पटींचा फरक. शिवाय लिपिड ए (लाइपोपॉलिसॅकराइडचा मेम्ब्रेनमध्ये रुतलेला भाग) मधल्या फॅटी ॲसिडच्या सगळ्या साखळ्या एस्टरने, म्हणजे अल्कलीने तुटून साबण होतो त्या बाँडने, जोडलेल्या नसतात, काही अमाइडने असतात आणि अमाइड अल्कलीला सहज दाद देत नाही. पण मला खरं महत्त्वाचं वाटतं ते पृष्ठभागावरचं. इटलीतल्या पँटेलेरिया बेटावरच्या तळ्यातून हॅलोमोनास पँटेलेरिएन्सिस मिळाला, त्याच्या ओ-साखळीत (लाइपोपॉलिसॅकराइडची बाहेर लोंबणारी साखरेची साखळी) कार्बॉक्सिल गटवाल्या ॲसिडिक शर्करा आहेत. असा ऋण भार पेशीभोवती असला की सोडियम ओढला जातो आणि हायड्रॉक्साइड, तोही ऋणच, लांब ढकलला जातो.

एक गोष्ट मात्र मनात पक्की कर, बाहेरची मेम्ब्रेन पीएच अडवत नाही. पोरिन प्रोटीनच्या भोकांतून पाणी, आयन सगळं आत येतं, पेरिप्लाझममधल्या (दोन मेम्ब्रेनच्या मधली जागा) प्रोटीन्सना त्या अल्कलीतच काम करावं लागतं. आतला पीएच सांभाळते ती आतली मेम्ब्रेन, सोडियम बाहेर टाकून प्रोटॉन आत घेणाऱ्या अँटिपोर्टरच्या जोरावर.

खारं_पाणी:
अगं तुझ्या ट्यूबमधल्या तारा म्हणजे डीएनए, पेशी फुटल्या. मी पण पहिल्या वर्षी हेच करून बसले होते. ई. कोलायमध्ये शेजारशेजारच्या लाइपोपॉलिसॅकराइडचे फॉस्फेट मॅग्नेशियम-कॅल्शियमने बांधलेले असतात, पण लोणारसारख्या सोडा लेकमध्ये (कार्बोनेटवाल्या अल्कली तळ्यात) ते दोन्ही कार्बोनेटबरोबर खाली बसतात, पाण्यात फार उरतच नाहीत. म्हणून तिथे भार झाकायचं बरंच काम सोडियमवर. तू डिस्टिल्ड घातलंस आणि सोडियमच काढून घेतलास, ॲसिडिक साखळ्या एकमेकींना ढकलायला लागल्या, त्यात आत एक्टोइन (बाहेरच्या मिठाशी तोल राखायला पेशी साठवते तो पदार्थ) साठवलेलं, पाणी धावत आत गेलं. मीडियात जेवढं मीठ आणि सोडियम कार्बोनेट आहे तेवढंच धुवायच्या पाण्यात ठेव. आणि कार्बोनेट वेगळं ऑटोक्लेव्ह कर, गार झाल्यावर मिसळ, नाहीतर फ्लास्कमध्ये पांढरा गढूळपणा येतो आणि थोडंसं मॅग्नेशियम असतं तेही हातचं जातं.

पापडखार:
लोणारचंच म्हणून सांगतो, २०२० च्या जूनमध्ये तलाव गुलाबी झाला तो हॅलोआर्किया (खारात राहणारे, बॅक्टेरियाहून वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) मुळे, पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं होतं. त्यांच्या मेम्ब्रेनमध्ये एस्टर नाहीच, ईथर बाँड असतो, त्यामुळे साबणाचा प्रश्नच उद्भवत नाही. तुझा बॅक्टेरिया एस्टर ठेवूनही तिथे जगतो, त्याचं मला जास्त अप्रूप आहे.

वऱ्हाडकन्या:
दादा, ताई, खूप आभार. नवीन कल्चर लावलंय, या वेळी मिठाच्याच पाण्यात धुणार. मग गरम फिनॉल-पाण्याने लाइपोपॉलिसॅकराइड काढणार आणि जेलवर सिल्व्हर स्टेन.

खारं_पाणी:
सिल्व्हरने शिडी (ओ-साखळ्यांच्या लांबीप्रमाणे पडणारे पट्टे) दिसली नाही तर ओ-साखळी नाहीच असं लिहून टाकू नकोस हां. ॲसिडिक पॉलिसॅकराइड नुसत्या सिल्व्हरने नीट रंगत नाही, जेलला आधी अल्शियन ब्लू रंग दे, मग सिल्व्हर.