शब्द हवा : वितळत नाही, तरी पालटतो

पाटीपेन्सिल :
एका विज्ञान-मासिकासाठी लेख मराठीत आणते आहे. विषय व्हॅनेडियम डायऑक्साइड. साधारण ६८ अंश सेल्सिअसच्या खाली हा पदार्थ विजेला अडवतो आणि त्याच्या वर गेला की धातूसारखी वाट करून देतो. चांगल्या स्फटिकात रोध एकदम हजारो पटींनी, अगदी लाख पटींपर्यंत उतरतो. एफ. जे. मोरिन यांनी १९५९ साली बेल प्रयोगशाळेतून हे प्रसिद्ध केलं.

या बदलाला, म्हणजे इंग्रजीतल्या फेज ट्रान्झिशनला, मी ‘अवस्थांतर’ लिहिलं होतं. लेख तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘प्रावस्थांतर’ केलं आणि समासात लिहिलं, “आधीही घन, नंतरही घन. अवस्था बदलली कुठे?” मुद्दा बिनतोड आहे. पण तो परिच्छेद नववीतल्या भाच्याला वाचून दाखवला, तर तो म्हणाला, “प्राथमिक अवस्था का गं मावशी?” लेखाचा उत्तरार्ध नॅनोकणांवर, म्हणजे या पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांवर आहे, हा शब्द तीसेक वेळा येणार. काय ठेवू?

उंबरठा :
बाईंचं बरोबर आहे, ‘प्रावस्था’च ठेवा. विश्वकोशातही ‘प्रावस्था नियम’ असंच आहे. हिरा आणि ग्राफाइट दोन्ही घन, दोन्ही कार्बनच, पण प्रावस्था दोन. हा भेद दाखवायला दुसरा शब्द आपल्याकडे आहे का? ‘त्वरण’ हा शब्द तरी आपण कुठे घरून शिकून गेलो होतो? वापरला की रुळतो.

कोकणकडा :
रुळला का पण? इतकी वर्षं छापतायत. माझ्या वर्गातली एकही मुलगी परीक्षेबाहेर ‘प्रावस्था’ म्हणाली नाही. मी ‘संक्रमण’ सुचवलं असतं, मकरसंक्रमणातलं, एका घरातून दुसऱ्या घरात जाणं. पण करोनापासून संक्रमण म्हटलं की लोकांना रोगच आठवतो.

रवाळ :
मुळात जाऊ या. फेज हा शब्द ग्रीक ‘फासिस’वरून आलाय, अर्थ ‘दिसणं’, आणि तो आधी चंद्राला लावत. म्हणजे आपली चंद्रकला! तोच चंद्र, रूप वेगळं. तेच व्हॅनेडियम, तोच ऑक्सिजन, रूप वेगळं. मग सरळ ‘कला’ म्हणा, आणि बदलाला ‘कलांतर’.

उंबरठा :
रवाळ, कलांतर आधीच दोन ठिकाणी अडकलंय. तरंगांच्या धड्यात दोन लहरींमधला फरक म्हणजे कलांतर. आणि जुन्या कागदांत कलांतर किंवा कळंतर म्हणजे व्याज. वाचणाऱ्याने तिसरा अर्थ कुठे ठेवायचा?

ऐरण :
मी लोहाराच्या घरातला. घनाचा घनच राहतो आणि तरी पदार्थ दुसराच होतो, हे आमच्या भात्यापुढे रोज व्हायचं. आजोबा कोयता लाल करायचे, धार नारिंगी होईपर्यंत थांबायचे, मग फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवायचे. चर्रकन आवाज, वाफ, आणि कोयता बाहेर. मग कानशीने धारेवर एकदा घासून बघायचे. कानस घसरली, तर “पाणी बसलं.” धरली, तर परत भट्टीत. आतमध्ये पोलादातल्या अणूंची मांडणी बदललेली असायची, हे मला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी कळलं. त्या तासाला मला रडू यायचं बाकी होतं. आजोबांकडे शब्द होता – पाणी देणं, पाणी बसणं, पाणी उतरणं. तो कुठल्याही परिभाषा कोशात घ्यावासा का वाटला नाही?

पाटीपेन्सिल :
ऐरणदादा, किती सुंदर. पण माझ्या पदार्थाला पाणी लागत नाही हो. ६८च्या वर न्या, धातू. खाली आणा, पुन्हा निरोधक. कितीही वेळा.

ऐरण :
शब्द तसाच्या तसा घ्या असं म्हणत नाही ताई. एवढंच म्हणतो की ‘बसणं’, ‘उतरणं’, ‘पालटणं’ ही क्रियापदं आधी बघा, नामं मागाहून. “स्फटिक ६८ अंशांना पालटतो.” कोणाला कळणार नाही?

थरथर :
मी जर्मनीत याच पदार्थाच्या पातळ थरांवर चार वर्षं काम केलंय. प्रयोगशाळेत आम्ही दोघं मराठी. आपसांतही ‘फेज’च म्हणायचो, खोटं कशाला सांगू. पण ‘पालटतो’ मला पटलं, कारण खरोखर मांडणीच पालटते. थंड असताना व्हॅनेडियमचे अणू ओळीत दोन-दोनच्या जोड्या करून बसतात. तापवलं की जोड्या मोडतात, ओळ समान अंतराची होते, इलेक्ट्रॉन मोकळे सुटतात. तिरप्या मांडणीचा (एकनताक्ष) स्फटिक चौकोनी पायाचा (चतुष्कोणीय) होतो. जोड्या मोडल्या म्हणून इलेक्ट्रॉन सुटतात, की इलेक्ट्रॉनांची आपसांतली ढकलाढकल मूळ कारण, यावर पायर्ल्स या भौतिकशास्त्रज्ञाच्या बाजूचे (जोड्या म्हणणारे) आणि मॉट या भौतिकशास्त्रज्ञाच्या बाजूचे (ढकलाढकल म्हणणारे) अजून भांडतात.

दुसरं, सगळा थर एका क्षणी पालटत नाही. आधी मधेमधे धातूची बारीक डबकी उमटतात, ती पसरतात, एकमेकांना मिळतात, आणि मग वीज आरपार जाते. पाटीपेन्सिल, तुमच्या उत्तरार्धात हे हवंच. कण नॅनो झाला की खरी गंमत तिथे होते. चांगल्या मोठ्या स्फटिकात चढतानाचं आणि उतरतानाचं तापमान थोड्याच अंशांनी वेगळं असतं. नॅनोकणात हा फरक कित्येक अंशांनी वाढतो. पालट सुरू व्हायला स्फटिकात कुठेतरी एखादा दोष लागतो. कण इतका लहान की त्यात तसा दोष नसतोच. मग ६८ ओलांडलं तरी तो निरोधकच राहतो, आणि खाली आणलं तरी बराच वेळ धातूच.

पाटीपेन्सिल :
हा परिच्छेद माझ्याकडे आहे! तिथे मी न्यूक्लिएशनला, म्हणजे पालट पहिल्यांदा एका जागी सुरू होण्याला, ‘केंद्रकीभवन’ लिहिलंय आणि स्वतःच अडखळते आहे.

ऐरण :
विरजण म्हणा की. “कणाला विरजणच मिळालं नाही, म्हणून लागला नाही.”

थरथर :
अगदी हेच. चार वर्षं मी हे इंग्रजीत समजावत आलो, मराठीत एका ओळीत झालं. दूध कोमट करून ठेवलं आणि विरजण घालायचं राहिलं, तर सकाळी दूधच.

उंबरठा :
थांबा. विरजणात जिवाणू असतात, ते वाढतात, दूध आंबवतात. स्फटिकातला दोष वाढत नाही, तो फक्त सुरुवातीची जागा देतो. उपमा म्हणून चालेल, संज्ञा म्हणून नाही. शास्त्रात चुकीचं चित्र डोक्यात बसलं की वर्षानुवर्षं निघत नाही. मला ‘केंद्रकीभवन’ आवडतं असं नाही, पण ते खोटं तरी बोलत नाही.

रवाळ :
मग ‘कणी धरणं’ घ्या. कढवलेलं तूप निवत असतं, भांड्याच्या कडेला पहिली कणी धरते आणि तिथून आत रवा पडत जातो. जिवाणू नाहीत, निव्वळ स्फटिक. मी माझं नाव याच्यावरूनच घेतलंय.

कोकणकडा :
हे मात्र पटलं. पण तूप द्रवाचं घन होतंय. आपण घनातून घनात जाणाऱ्याबद्दल बोलत होतो ना?

थरथर :
सुरुवात कुठून होते एवढंच दाखवायचं असेल तर चालतं. बाकी नॅनोकणांत सरळ वितळणारेही आहेत. सोनं १०६४ अंशांना वितळतं, पण दोन-तीन नॅनोमीटरचा सोन्याचा कण त्याच्या काहीशे अंश आधीच. खूपसे अणू पृष्ठभागावरच, त्यांना धरून ठेवायला शेजारी कमी. तिथे ‘वितळणं’ हाच शब्द बरोबर.

गौळण :
विरजणाबद्दल एक. ‘उत्साहावर विरजण पडलं’ म्हणतो, तेव्हा विरजण एखादी गोष्ट थांबवतं. इथे तुम्ही ते सुरू करणारं म्हणताय. वाचक गोंधळणार नाही?

ऐरण :
दुधाच्या बाजूने बघितलं तर थांबतं, दह्याच्या बाजूने सुरू होतं.

गौळण :
हे आवडलं. आमच्या घरी त्याला मुरवण म्हणतात, विरजण नाही. मुरवणात कोणाचा उत्साह मावळत नाही.

रवाळ :
मुरवण ‘मुरणे’वरून उघड आहे. विरजण कशावरून? ‘विरणे’शी नातं असेल का, दूध विरतं म्हणून?

उंबरठा :
कापड विरतं, दूध विरजतं. ‘ज’ कुठून आला ते सांगा, मग नातं जोडू.

पाटीपेन्सिल :
मंडळी, लेख उद्या द्यायचा आहे. सध्या ‘पालट’ लिहून पहिल्या वेळी ‘म्हणजेच प्रावस्थांतर’ जोडलंय. बाईंना आवडेल का माहीत नाही. न्यूक्लिएशनची जागा अजून रिकामी आहे.

गौळण :
मुरवण घाला.