वसंतसंपाताचा दिवस आणि सात मिनिटे

भाऊ, तुमच्या प्रश्नोत्तरांत ‘वसंतसंपाताला (मार्चमध्ये सूर्य विषुववृत्तावर येतो त्या दिवशी) दिवस आणि रात्र बरोबर बारा-बारा तासांची असते’ असे उत्तर दिले आहे; ते शाळेत आपण सर्वांनीच पाठ केले आहे, तरी त्यात थोडी दुरुस्ती हवी. सूर्योदय मोजतात तो सूर्यबिंबाची वरची कड दिसल्यापासून, आणि वातावरणात प्रकाशकिरण वाकत असल्यामुळे (वक्रीभवनामुळे) क्षितिजाखालचा सूर्यही आपल्याला वर आलेला दिसतो. त्यामुळे संपाताला, म्हणजे २० मार्चच्या सुमारास, आपल्या जळगाव-धुळ्याकडे दिवस रात्रीपेक्षा सुमारे चौदा मिनिटे मोठा, म्हणजे बारा तासांहून सात मिनिटे अधिक असतो. दिवस-रात्र खरोखर समान होतात त्या १४ मार्चच्या आसपास, सातपुड्यात निष्पर्ण पळस पेटलेला असतो तेव्हा.

संपात स्वतः पाहायचा असेल तर त्या दिवशी अंगणात काठी उभी रोवावी आणि दर तासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. मी चाळीसगावला मागच्या अंगणात हे केले तेव्हा संध्याकाळी खड्यांची पूर्व-पश्चिम सरळ रांग झाली होती. एरवी ती वाकते.

तुमच्या इतिहासाच्या प्रश्नांत एका स्थळाची भर घालावी, अशी मनापासून विनंती आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील यादवकालीन शिलालेखात, गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.