मदत हवी आहे: मातीच्या बांधाच्या पायथ्याशी धार लागली आहे

नागपूरजवळ, हिंगणा तालुक्यात, आमच्या शेताच्या वर नाल्यावर मातीचा जुना बांध आहे. उंची साधारण 5 मीटर. आत काळ्या मातीचा गाभा, बाहेरून मुरूम. काम एकच, पूर अडवून खालची वस्ती वाचवणं. कालवा वगैरे नाही.

परवाच्या झडीनंतर खालच्या बाजूला, पायथ्यापासून दोन हातांवर, जमीन ओली दिसली. आता तिथून करंगळीएवढी धार आहे. स्टीलच्या पेल्यात पाणी धरलं तर तासाभरात तळाशी चिमूटभर गाळ बसला. पाणी नितळ असतं तर एवढा घाबरलो नसतो.

सांडव्यात माजलेली बेशरम कापली, पाणी थोडं उतरलं. वरच्या उतारावर खेकड्यांची दोन बिळं सापडली, माती ठोकून बुजवली. धार तशीच. बांधावरच्या बाभळीला हात लावलेला नाही.

अभियंता सोमवारी येणार, आज शुक्रवार. खालची चार घरं शाळेत हलवली आहेत, तो प्रश्न नको. पोकलेन चिखलातून येत नाही. ट्रॅक्टर 200 मीटरवर थांबतो. माणसं आठ-दहा. कन्हानची वाळू आणि गिट्टी मिळेल.

गावातले म्हणतात, धारेच्या तोंडावर ताडपत्री टाकून काळी माती दाबा. मला पटत नाही. पाणी कोंडलं तर दुसरीकडून फुटेल. त्यापेक्षा खाली वाळू, वर बारीक गिट्टी, मग दगड असे थर टाकावेत, म्हणजे पाणी जाईल आणि माती अडेल, असं वाटतं. ज्यांनी हे हातानं केलंय त्यांनी सांगा: प्रत्येक थर किती जाड, आणि धारेभोवती किती रुंद टाकायचा?